नानाय सेपाचं बाकडं

मनिला,
९ जून १९९७

दित्से पुरिंग,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या आलिंग तासिंगसमोर तू माझा जो उद्धार केला असशील, तो मला इथे बसून ऐकू येतो. "धाकटा भाऊ साहेब झाला, शाई वाळली." वाळली नाही, कामात बुडालो होतो. बातमी अशी की कंपनीने मला गोदामातून उचलून मुख्य कचेरीत बसवलं. नवा विभाग काढलाय, समाजसंबंध नावाचा. तू हसशील. हस, पण आधी ऐक.

गिऱ्हाईक कसं वाढवायचं यावर त्या दिवशी कंपनीतल्या मोठ्यांची बैठक होती. एकेक जण उठून सांगत होता, भाव पाडा, दिवे वाढवा, गाणी लावा. मला राहवलं नाही. कॉलेजच्या फाटकापाशी टेबलावर चढून बोलायचो ना, तसाच उभा राहिलो आणि म्हणालो, "साबण सगळीकडे सारखाच असतो. माणूस साबणासाठी दुकान निवडत नाही, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे जातो. तुमचं दुकान गावाच्या सुखदुःखात नसेल, तर गाव तुमच्या दुकानात कशाला येईल?" आमच्या वरिष्ठ व्हिल्यालुस साहेबांनी टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनी. मी आपल्या आईबद्दल, नानायबद्दल बोलत होतो, हे त्यांना काय ठाऊक!

आता कंपनीतल्या नव्या मुलांना शिकवण्यासाठी हे सगळं लिहून काढायचंय. मयताच्या घरून परतणाऱ्यांसाठी नानाय बाकडं मांडायची. ते नेमकं कसं करायची? मी लहान होतो, मला नुसता आल्याचा वास आठवतो. तू सगळं लिही. आईचं दुकान कसं चाललंय तेही लिही. ते दुकान आहे तोवर आपल्याला गावात घर आहे, असं मला वाटतं.

तुझा,
सेतो


सान्ता इनेस, लागुना,
२१ जून

सेतो,

आलिंग तासिंगला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "टाळ्या वाजवल्या म्हणतोस, पगार वाढवला का?" तिला उत्तर कळव, नाहीतर म्हातारी मला जगू देणार नाही.

मयताच्या घरून थेट आपल्या घरी जायचं नाही, गेलेला माणूस मागोमाग येतो, म्हणून वाटेत कुठेतरी टेकायचं आणि त्याला तिथेच सोडायचं. एवढं तरी तू मनिलात विसरला नसशील. बाकीचे दुकानदार या पावलांवर टपून असायचे. टेकायचं तर काहीतरी घ्या, सिगारेट घ्या, सरबत घ्या. नानायने उलट केलं. गावात कुणी गेलं की ती दारात बाकडं मांडायची, आलं ठेचून गुळाचा काढा उकळत ठेवायची आणि वजनकाट्यावर फडकं टाकायची. फडकं आहे तोवर विक्री बंद. एकदा नगराध्यक्षाचा माणूस मयतावरून आला आणि काढा पिता पिता म्हणाला, "सेपा, जाता जाता दोन किलो तांदूळ दे." ही म्हणाली, "डोळे रडून सुजलेत म्हणून फडकं दिसत नाही का तुला? उद्या ये." तो उद्या आला.

लोक म्हणायचे, "सेपा, सगळ्या गावची भुतं आम्ही तुझ्या दारात सोडून जातो." ती म्हणायची, "सोडा की. जिवंतपणी माझं डोकं खात होती, मेल्यावर आणखी काय खाणार?" त्यावर रडणारं माणूसही हसायचं.

मयताच्या घरी कॉफी आणि बिस्किटं मागच्या दाराने जायची, नाव न सांगता. सरोवराचं पाणी गावात शिरलं तरी मेणबत्तीचा भाव तोच राहायचा. आणि ज्याची बायको येऊन सांगून जाई की याला दारू देऊ नका, त्याला दारू मिळायची नाही, मग तो कितीही ओरडो. हे सगळं मी अजून तसंच चालवते.

त्यामुळे गिऱ्हाईक येतं का, असं तुला विचारायचं असेल, तर नानायच्या थडग्यावर जाऊन विचार. ती चपलेने उत्तर देईल.

दुकान बरं चाललंय. माझं दुसरं आहे काय? नवरा नाही, लेकरू नाही. सकाळी फळ्या काढल्या की मी माणसांत येते. चर्चशेजारची जमीन सपाट करताहेत. आलिंग तासिंग म्हणते सिनेमाघर होणार, आणि आत्तापासून पुढची खुर्ची धरून बसलीय.

दित्से


मनिला,
१८ ऑगस्ट

दित्से,

तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. त्यातला थोडा भाग साहेबांनाही वाचून दाखवला. फडक्याची गोष्ट ऐकून व्हिल्यालुस साहेब खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. मग म्हणाले, "या बाईला मी कामावर ठेवलं असतं." मी म्हणालो, तुम्हालाच तिच्याकडे उमेदवारी करावी लागली असती.

पेसो घसरलाय, सगळं महागणार आहे. या नाताळाला माल बेताने भर. का ते विचारू नकोस, धाकट्याचं कधीतरी ऐक. सिनेमाघराचं म्हणशील तर ते सिनेमाघर नसावं.

नानायचा एक चांगला फोटो पाठव. तो निळ्या झग्यातला, दुकानाच्या दारातला. माझ्या टेबलावर आईचा फोटो नाही, लाज वाटते.

आलिंग तासिंगला सांग, पगार वाढला.

सेतो


सान्ता इनेस,
१२ ऑक्टोबर

सेतो,

फोटो पाठवला त्याची पोच नाही. पण तुझ्या कंपनीची पोच आली. गेल्या आठवड्यात चर्चशेजारी पाटी चढली: तांगलाव सुपरमार्केट. तांगलाव म्हणजे दिवा, म्हणून नावाशेजारी पेटलेला दिवाही काढलाय. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, बँड वाजला, शाळेच्या पोरांना चपला वाटल्या. चपलेच्या पट्ट्यावरही तुमचंच नाव. पोरं गावभर तुमची जाहिरात पायाने करत फिरताहेत.

तुला जूनमध्ये माहीत होतं. ऑगस्टमध्ये तर नक्कीच माहीत होतं. "माल बेताने भर" म्हणे! सख्ख्या बहिणीला सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पेसोच्या घसरणीआड लपलास. गोदामात होतास तेव्हा तुझ्या कपड्यांना सुक्या मासळीचा वास यायचा. तो परवडला.

पण माझी काळजी करू नकोस. परवा आलिंग तासिंगचा नवरा पोन्सो गेला. तुझ्या दुकानाने मयताच्या घरी कापडी फलक पाठवला. वर तांगलाव, केवढ्या तरी अक्षरांत, आणि खाली बारीक अक्षरांत पोन्सोचं नाव. तासिंग रडता रडता थांबली आणि म्हणाली, "पोन्सोच मेलाय ना? की हे तांगलाव नावाचं कुणी मेलंय?" सगळी शवपेटीभोवती तोंड दाबून हसली. नंतर एकूणएक माणूस आपल्या बाकड्यावर येऊन टेकला. काढा पुरेना, पुन्हा आलं ठेचावं लागलं. काट्यावर फडकं होतं, आणि कुणी त्याच्याकडे बोटसुद्धा केलं नाही.

तेव्हा तुमचा दिवा पेटू दे. आमच्याकडे अंधार नाही.

पुरिंग


मनिला,
२३ नोव्हेंबर

दित्से,

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी सांगायला हवं होतं. पण आता माझंही पूर्ण ऐकून घे.

तांगलाव आलं नसतं तर दुसरी कुठली तरी कंपनी आलीच असती. तिने चपला वाटल्या नसत्या, दुपारी साठ पोरांना भाताची पेज घातली नसती. पेज पिणाऱ्या पोराला विचार, घालणाऱ्याच्या मनात काय होतं. ते म्हणेल, आणखी वाढा! तू आणि मी मनात काय आहे याचा कीस पाडतो, कारण आपलं पोट भरलेलं आहे. मी वर्षानुवर्षं टेबलांवर चढून ओरडलो की भांडवलाला हृदय नसतं. आता त्याच्या छातीत ते बसवायची संधी मिळालीय, तर मी सोडू? माझ्या एका कागदाने जेवढ्या पोरांना पेज मिळाली, तेवढी माझ्या सगळ्या भाषणांनी मिळाली नव्हती. हे मला स्वतःला कबूल करायला किती जड गेलं, ते तुला कळणार नाही.

आणि खरं बोलायचं तर नानायकडे लोक का यायचे? काढा पिऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी साबण आपल्याकडूनच न्यायचा. तो नगराध्यक्षाचा माणूस उद्या आला, हे तूच लिहिलंस. तिने जे केलं तेच आम्ही करतोय. फक्त मोठं.

आता मुख्य गोष्ट. फलकाची चूक मला कळली, तो प्रकार मी बंद केला. त्याऐवजी दुकानात शिरताच उजव्या हाताला एक जागा केलीय. लाकडी बाकडं, आल्याचा काढा, फुकट. मयतावरून येणाऱ्याने कधीही यावं, टेकावं. नाव दिलंय "नानाय सेपाचं बाकडं", आणि वर तिचा निळ्या झग्यातला फोटो आहे, माणसाएवढा मोठा. एक साधी दुकानदारीण, दित्से! गावात पुतळे फक्त सेनापतींचे आणि संतांचे असतात. मी आपल्या आईला तिथे नेऊन बसवलं.

ती जागा सांभाळायला तुझ्याइतकं योग्य माणूस नाही. ये. मी शब्द टाकला आहे.

सेतो


सान्ता इनेस,
१५ जानेवारी १९९८

सेतो,

तातांग आम्बो गेला. शवपेट्या करणारा म्हातारा आम्बो, ज्याने गावातल्या प्रत्येकाचं शेवटचं माप घेतलं. मी बाकडं मांडलं, काढा ठेवला, फडकं टाकलं. आणि बसून राहिले. एक माणूस आलं नाही. काढा आटून खाली लागला.

म्हणून तुझ्या दुकानात गेले. पाहायचंच होतं.

आई दिसली. भिंतभर. तिचा फोटो मोठा करताना तुम्ही तिच्या गालावरचा डाग काढलात. तो डाग लहानपणी चुलीच्या ठिणगीने पडलेला, तो पाहून मी तिला गर्दीत ओळखायचे. खाली बाकड्यावर अख्खं गाव. गणवेशातली एक पोरगी पुडीतला काढा गरम पाण्यात कालवून देत होती, आणि कागदी पेल्याला एक कुपन चिकटवलेलं. त्याच दिवशी वापरायचं कुपन. आम्बोच्या नावाने रडून आलेली माणसं डोळे पुसत होती आणि कुपन फाडून साखरेच्या रांगेत जात होती. पाच गल्ले खणखणत होते. एकावरही फडकं नव्हतं.

आलिंग तासिंग तिथेच बसलेली. मी म्हटलं, "म्हातारे, तू इथे?"

"मग कुठे? सेपा इथे बसायला लागली ना आता."

"सेपा मेलीय, आलिंग तासिंग. तूच तिला न्हाऊ घातलंस."

"ते मला माहीत नाही का? मेलेलं माणूस जिथे मांडावं तिथे बसतं. सेतोनं तिला इथे मांडलं. मग तिला सोडून तुझ्याकडे यायचं? बरं दिसेल का ते? तिला काय वाटेल?"

शेजारचा एक जण म्हणाला, "पुरिंग, दोन्ही तुम्हा भावंडांचंच आहे ना? जुनं तुझं, नवं त्याचं. आम्हाला वाटलं इथे आलो तरी तुझ्याकडेच आलो."

कळलं तुला काय झालं ते? त्यांनी मला सोडलं नाही. सोडलं असतं तर मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या. ते नानायशी इमान राखायला तुझ्या दुकानात जातात! ज्या इमानावर तीस वर्षं माझं दुकान उभं होतं, तेच तू उपटून तिकडे लावलंस. चोरी झाली असती तर दार तरी फोडावं लागलं असतं तुला. तू तर मलाच विचारून गेलास, आणि मी सगळं लिहून दिलं. आल्यागुळासकट.

मोठं केलंस म्हणतोस. सेतो, तू एवढा शिकलास, एवढी पुस्तकं वाचलीस, आणि आपल्या आईचं तुला एवढंच कळलं? काढा मुख्य नव्हता. काढा कुणीही देईल. ती त्या दिवशी विकत नव्हती, हे मुख्य होतं. तुम्ही सगळं घेतलंत आणि तेवढं फडकं मागे ठेवलंत.

फोटो उतरव. मला दुसरं काही नको.

पुरिंग


मनिला,
२० फेब्रुवारी

दित्से,

तुझं पत्र घेऊन मी व्हिल्यालुस साहेबांकडे गेलो. फडक्याचं बोललो. निदान मयताच्या दिवशी एक गल्ला बंद ठेवा म्हणालो. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "सेतो, त्याच दिवशी तर सगळ्यात जास्त खप असतो."

फोटो उतरवणं माझ्या हातात राहिलेलं नाही. तो आता सगळ्या शाखांत लागणार आहे. ज्यांनी नानायला कधी पाहिलं नाही, अशा गावांतून पत्रं येतात की तुमच्या नानायने आम्हाला धीर दिला. मी ती वाचतो आणि मला काय वाटतं ते मला सांगता येत नाही.

एक अडचण आहे. नानायचं नाव आणि फोटो वापरायला मी वारस म्हणून सही केली होती, पण तू दुकानात जाऊन केलेली तक्रार व्यवस्थापकाने वर कळवली आणि वकील म्हणतात, बहिणीचीही सही लागेल. कागद सोबत आहे. सही केलीस तर कंपनी तुझं दुकान चालवायला घेईल. "मूळ बाकडं" म्हणून जपेल, तुला कायमचा पगार देईल. तुझ्या फळ्या रोज उघडतील. नाही केलीस तर ते नानायला काढून एका नटीचा फोटो लावतील, म्हातारीच्या वेशातला. जागा तीच राहील, काढा तोच राहील, फक्त आई जाईल. आणि तुझं दुकान कसं टिकेल ते मला दिसत नाही.

मी तुला पाया पडून सांगतो. तिचं नाव तरी राहू दे. दुकान तरी राहू दे.

सेतो


सान्ता इनेस,
४ मार्च

सेतो,

कागद परत पाठवते. कोरा.

तू विचारलं होतंस ना, नानायला फायदा झाला नाही का? झाला. लोक आले, दुसऱ्या दिवशी साबण घेऊन गेले, त्यावर आपण दोघं वाढलो, तू कॉलेजात गेलास. पण काढा उकळताना तिची नजर पातेल्यात असायची. तुमची नजर सारखी दाराकडे. मी हे तुला पटवू शकणार नाही, कारण बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. तेच तर तुमचं भाग्य आहे.

लावा नटी. ती निदान पैसे घेऊन हसलेली असेल. माझी आई फुकट हसली होती.

पुरिंग


मनिला,
१० एप्रिल

दित्से,

ईस्टरनंतर फोटो बदलणार. मी भांडलो, गेल्या कित्येक वर्षांत भांडलो नव्हतो तसा भांडलो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी साहेब म्हणाले, "तुझी हीच कळकळ आम्हाला हवी असते," आणि मला विभागाचं प्रमुख केलं.

मी नाही म्हणालो नाही. शिव्या दे, पण उत्तर दे.

सेतो


सान्ता इनेस,
२६ जुलै

सेतो,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. घडलं तसं लिहिते.

मे महिन्यात दुकानाच्या फळ्या लावल्या, त्या पुन्हा काढल्या नाहीत. घाऊक व्यापारी माझ्याकडे गाडी वळवायचा बंद झाला. म्हणाला, "आलिंग पुरिंग, तुमच्यासाठी सरोवराचा अख्खा वळसा पडतो." त्याच्यावर राग नाही. मीही त्याच्या जागी नसते आले.

नटीचा फोटो लागला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. मनात म्हटलं, आता तरी लोकांना कळेल. केस पांढरे केलेली, निळ्याच झग्यातली कुणी बाई, दात कसे एकसारखे. नानायला पुढचा एक दात नव्हता. पाटीवर नुसतं "आपल्या नानायचं बाकडं". आलिंग तासिंग फोटोखाली बसून बराच वेळ वर बघत होती. मग मला म्हणाली, "हा फोटो जास्त चांगला आहे गं. आधीच्यात सेपा दमलेली दिसायची. यात कशी टवटवीत आहे." मी म्हटलं, "ही ती नाहीच, म्हातारे." ती म्हणाली, "तू तरुणपणची सेपा पाहिलीस का? मी पाहिलीय." बाकीच्यांनी माना डोलवल्या. त्या बाईसमोर कुणीतरी फुलं ठेवून गेलं होतं.

म्हणजे मी ती सही केली काय आणि न केली काय! एवढ्यासाठी मी दुकान घालवलं.

जूनमध्ये शाळेतल्या नेनिंगबाईंची बहीण गेली, बाळंतपणात. मी मेणबत्त्या घ्यायला तांगलावमध्ये गेले होते, दुसरीकडे आता मिळतात कुठे? नेनिंगबाई मयतावरून एकट्याच आल्या आणि बाकड्यावर बसल्या. ती गणवेशातली पोरगी शिकवल्याप्रमाणे हसली आणि म्हणाली, "मॅडम, काढ्यासोबत कुपन साखरेचं देऊ की साबणाचं?" नेनिंगबाईंना भाषाच कळेनाशी झाली होती जणू.

मी त्या पोरीच्या हातातली किटली घेतली. ठरवून घेतली नाही, घेतली गेली. बाईंना पेला दिला, शेजारी बसले, त्यांच्या बहिणीचं नाव घेऊन बोलले. मला तिचं नाव ठाऊक होतं, लहानपणी ती आपल्याकडे चिंचेच्या गोळ्या घ्यायला यायची. बाई रडल्या, खूप रडल्या, माझ्या खांद्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणी गेलं, मी पुन्हा गेले. मग तो पोरगेला व्यवस्थापक आला, टोपी काढून म्हणाला, "आलिंग पुरिंग, तुम्ही रोज याल का? पगार देऊ."

मी म्हटलं, "मयताच्या दिवशी गल्ल्यांवर फडकी टाकाल?"

त्याला वाटलं मी थट्टा करते. "पाचही गल्ल्यांवर?" म्हणाला आणि मनापासून हसला. चांगला मुलगा आहे. त्याच्या घरी चार तोंडं खाणारी आहेत.

मी हो म्हणाले. मला पोट आहे, सेतो. सेपाची मुलगी असल्याने ते भरत नाही. आणि माणसं मरायची थांबलेली नाहीत, त्यांच्या माणसांना टेकायला जागा लागते, आणि सगळ्या गावात ती आता एकच उरली आहे. फोटोवर सही केली नाही, नोकरीवर केली. गणवेशही घालते. छातीवर तुमचा दिवा आहे.

ताजं आलं आणते, पुडी वापरत नाही. बाकड्यावर किती वेळ बसायचं यावर बंधन होतं, ते मी चालू देत नाही. कुपन मी देत नाही, ते पोरगी पलीकडे उभी राहून देते. आणि काल व्यवस्थापकाने मला बोलावून आकडे दाखवले. मी आल्यापासून खप वाढलाय. मनिलालाही कळवलं म्हणाला, म्हणजे तुझ्या टेबलावर आलंच असेल. तुझं म्हणणं खरं ठरलं, तुला टाळ्या मिळाल्या असतील. लोक साबणासाठी येत नाहीत. माझ्याकडे येतात, माझ्यापाशी रडतात, आणि हलकं वाटलं की उठून सामान घेतात.

माझ्या कामाबद्दल मला कसली शंका नव्हती, आता एक आहे, आणि ती विचारायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. उद्या कुणी माझ्यासमोर बसून रडायला लागलं, तर त्याला जवळ घ्यायचं की नाही? कारण मी जवळ घेतलं की तो साखर घेऊन जातो.

पुरिंग